हशा कुठे पिकला ते लिहून ठेवा : अमेरिकी मालिकांतून अमेरिका ओळखू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. शेजारीणबाई कुंपणापलीकडून नवऱ्याबद्दल कुरकुरत होत्या. "आमचे हे म्हणजे अगदी आर्ची बंकर," म्हणाल्या. मला वाटलं, नात्यातलं कुणीतरी असेल. मी आपलं विचारलं, "ते कुठे राहतात?" बाई हसून हसून कुंपणाला टेकल्या आणि म्हणाल्या, "क्वीन्समध्ये!"

आर्ची बंकर हा 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेतला हेकट बाप. १९७१ ते १९७९ या काळात तो दर आठवड्याला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आपल्या घरी खुर्चीत बसून काळ्यांना, ज्यूंना, बायकांना आणि घरच्या जावयाला नावं ठेवायचा, आणि सगळा देश त्याच्यावर हसायचा. काही जण त्याच्याबरोबर हसायचे, ते वेगळं. त्याची ती खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. शेजारीणबाईंनी नवऱ्याबद्दल जे सांगायचं ते दोन शब्दांत सांगितलं होतं आणि ते दोन शब्द मला ठाऊक नव्हते. इंग्रजी चांगलं येत होतं हो, पण इंग्रजीचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा माझ्याकडे एच-४ व्हिसा होता, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या बायकोला मिळतो तो. नोकरीची परवानगी नाही, गाडीचं लायसन्स नाही, नवरा सकाळी आठला बाहेर. वेळच वेळ. त्या वेळात मी मालिका बघितल्या आणि हळूहळू कुंपणापलीकडचं बोलणं कळायला लागलं. हा लेख तुमच्यातल्या नुकत्याच इथे आलेल्यांसाठी आहे. पुण्यात बसून रात्रपाळीला अमेरिकी क्लायंटशी बोलणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांची मुलं ओहायोत की कुठे आहेत त्या आईवडिलांसाठीही आहे. अभ्यास म्हणून हे करायचं नाही. जेवताना टीव्ही लावावा इतक्या सहज करायचं, पण एक सवय मात्र लावून घ्यायची.

आधी एक वही घ्या

साधी दोनशे पानी. मालिका बघताना जिथे सगळे हसले आणि तुम्हाला हसू आलं नाही, ती जागा टिपून ठेवा. एवढंच. कथा लिहू नका, इंग्रजी शब्दांची यादी करू नका. 'फ्रेंड्स'सारख्या जुन्या विनोदी मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायच्या, त्यामुळे हशा ऐकू येतो. तो हशा हाच तुमचा शिक्षक.

अमेरिका कशी दिसते हे बघायला मालिका लावाल तर फसाल. मालिकेतली घरं खोटी, नोकऱ्या खोट्या, पार्किंग तर सगळ्यात खोटं. पण लेखकाने काय समजावून सांगितलेलं नाही, हे मात्र कधी खोटं नसतं. प्रेक्षकाला अमुक गोष्ट ठाऊक असणारच असं धरूनच विनोद रचलेला असतो. जे न सांगता कळतं ते अमेरिकी माणसाचं घरचं. तिथे आपण बाहेरचे.

माझ्या वहीच्या पहिल्या पानांवर हे आहे: "न्यू जर्सी म्हटलं की का हसतात?" (मी तिथेच राहत होते, म्हणून झोंबलं.) "डीएमव्ही म्हटल्यावर का हसले?" "ती त्याला 'आय लव्ह यू' म्हणाली, तो 'थँक्यू' म्हणाला. सगळे असे का ओरडले?" "अंडरडॉग म्हणजे काय? सगळे गच्चीवर का पळाले?"

डीएमव्हीचं उत्तर सोपं निघालं. गाडीचं लायसन्स देणारं सरकारी खातं. आपल्याकडे आरटीओ म्हटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, तेच. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत मार्ज या आईच्या दोन्ही जुळ्या बहिणी, पॅटी आणि सेल्मा, तिथेच चिकटवून दिल्या आहेत. त्या तिथे आहेत एवढ्यावरच लोक हसतात. न्यू जर्सीचं उत्तर म्हणजे शेजारच्या बड्या शहराने धाकट्याची केलेली थट्टा. सदाशिव पेठेतला माणूस पिंपरीचं नाव ज्या सुरात घेतो तो सूर आठवा. 'थँक्यू'चं उत्तर मिळायला मात्र दोन वर्षं गेली, कारण त्यासाठी इथल्या तरुण मुलामुलींच्या नात्याचा न लिहिलेला कायदा कळावा लागतो. कितव्या भेटीनंतर काय म्हणायचं, कोणी आधी म्हणायचं, उत्तर नाही आलं तर काय. आपल्याकडे पत्रिका, देणंघेणं, बैठक असते. इथे बैठक नाही, पण नियम तेवढेच.

एक पथ्य पाळा. वहीतल्या प्रश्नाचं उत्तर लगेच फोनवर शोधू नका, माणसाला विचारा. फोन अर्थ सांगतो. माणूस अर्थ सांगता सांगता आपल्या आजीची गोष्ट सांगतो, आणि तुम्हाला हवी असते ती गोष्टच.

कुठली मालिका, कुठे बघायची

बावीस मिनिटांचे भाग असलेली विनोदी मालिका घ्या. खून, कट आणि काळोख असलेल्या तासाभराच्या मालिकांनी सुरुवात करू नका; त्यात रहस्य कळतं, माणसं कळत नाहीत. सबटायटल इंग्रजीच ठेवा. हिंदी डबिंग लावलंत तर विनोद भाषांतरात भाजून निघतात आणि वहीत लिहायला काही उरत नाही. एका वेळी एकच मालिका. आणि तिचं गाव कुठलं ते आधी बघा.

हे गावाचं महत्त्वाचं आहे. आपण सगळे 'फ्रेंड्स'वर वाढलो, म्हणून आपल्या डोक्यात अमेरिका म्हणजे मॅनहॅटन. (आणि ते मॅनहॅटनही कॅलिफोर्नियात, बरबँकच्या स्टुडिओत उभारलेलं.) 'द ऑफिस' स्क्रँटनमध्ये घडते, पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या कोळशाच्या गावात. 'चिअर्स' बॉस्टनच्या दारूच्या गुत्त्यात, 'ॲबट एलिमेंटरी' फिलाडेल्फियाच्या खडू-फळा पुरवून पुरवून वापरणाऱ्या सरकारी शाळेत, 'ब्रेकिंग बॅड' न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात. एका गावाची एक मालिका नीट बघितलीत तर दुसऱ्या गावाची बघताना फरक आपोआप दिसतो. कोल्हापूरचा माणूस नागपूरला गेल्यावर जसा जेवणापासून सुरुवात करतो, तसं.

पैसे फार खर्च करू नका. अमेरिकेत असाल तर गावचं सार्वजनिक वाचनालय गाठा. भाडेकरार किंवा वीजबिल दाखवलं की कार्ड फुकट मिळतं. तिथे मालिकांच्या डीव्हीडी असतात आणि बऱ्याच वाचनालयांच्या कार्डावर हूपला किंवा कॅनोपी ही ॲपही चालतात. जाहिराती सोसायची तयारी असेल तर प्लूटो टीव्ही आणि टूबी आहेतच. कुठली मालिका कुठल्या ॲपवर आहे ते इथे लिहीत नाही, कारण ते सारखं बदलतं.

सणांचे भाग वेगळे काढा

मला एकच पायरी सांगायला सांगितली तर मी ही सांगेन.

जुन्या वाहिन्यांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपायचा. त्यामुळे मालिकेत हॅलोविन, थँक्सगिव्हिंग (घरच्यांनी जमून जेवायचा नोव्हेंबरातला सण), नाताळ हे साधारण खऱ्या सणाच्याच आठवड्यात यायचे. प्रत्येक लेखकाला दर वर्षी तेच ताट नव्याने वाढावं लागायचं. म्हणून नोव्हेंबर आला की कुठल्याही एका मालिकेचे सगळे थँक्सगिव्हिंगचे भाग ओळीने बघा.

माझ्या वहीतल्या अंडरडॉगचं कोडं इथेच सुटलं. 'फ्रेंड्स'चा पहिलाच हंगाम, नोव्हेंबर १९९४. मोनिका सगळ्यांसाठी जेवण करतेय. बटाट्यांवरून घोळ. भावाला कुस्करलेला बटाटा हवा, पण गुठळ्या राहिलेला, आई करते तसा. फीबीला घुसळून हलका केलेला हवा, त्यात मटार आणि कांदा. जोईला टेटर टॉट्स हवेत, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले गोळे, शाळेच्या डब्यातल्यासारखे. मोनिका तीनही करायला घेते. मला पहिल्यांदा बघताना यात विनोद काय ते कळेना. चौथ्यांदा कळलं. आमच्याकडे पुरणपोळी दुधाबरोबर, सासरी तुपाबरोबर, आणि जाऊबाईंना कटाच्या आमटीत बुडवून. होळीच्या दिवशी या तिघी एका टेबलावर बसल्या की जे होतं, तेच इथे बटाट्याने होतं. सण सगळ्यांचा एक, पण बटाटा ज्याच्या त्याच्या आईचा.

मग बातमी येते की मेसीज या दुकानाच्या मिरवणुकीतला अंडरडॉगचा प्रचंड फुगा सुटला. अंडरडॉग म्हणजे १९६०च्या दशकातल्या कार्टूनमधला उडणारा कुत्रा. सगळे फुगा बघायला गच्चीवर पळतात, किल्ली घरात राहते, जेवण जळून जातं आणि शेवटी सगळे भाजलेलं चीज सँडविच खातात. ही मिरवणूक १९२४ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून निघते आणि देशभर लोक सकाळी ती टीव्हीवर लावून ठेवतात. कुणी टक लावून बघत नाही. सणाच्या सकाळी घरात सनई लावून ठेवावी तशी ती लावलेली असते. तो फुगा सुटणं म्हणजे आपल्या लालबागच्या मिरवणुकीत काहीतरी भलतंच होणं. आता कळलं गच्चीवर का पळाले ते.

त्याच भागात चँडलर थँक्सगिव्हिंगचं जेवण जेवतच नाही. तो नऊ वर्षांचा असताना याच सणाच्या जेवणावर आईवडिलांनी घटस्फोट जाहीर केला होता. ही बाजूही वहीत लिहा. अमेरिकी मालिकेत थँक्सगिव्हिंग गोडधोड कधीच होत नाही. जेवण जळतं, भांडण होतं, कुणीतरी दार आपटून जातं. चारशे मैल विमानाने येऊन एका टेबलावर बसायचं आणि राजकारणावरून भांडून परत जायचं, हे इथे इतकं घरोघरचं आहे की वर्तमानपत्रं त्यावर सल्ले छापतात.

सणाचा इतिहास थोडक्यात ठेवा. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, देशभर हा दिवस पाळायला सांगितलं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार १९४१च्या कायद्याने पक्का झाला. या सणाला देव लागत नाही, म्हणून कुठल्याही देशातून आलेल्याला तो आपलासा करता येतो. टेबलावर भाजलेल्या टर्की पक्ष्याशेजारी दुसरं काय आहे यावरून ते घर कोणाचं ते कळतं. 'मास्टर ऑफ नन'चा २०१७ मधला थँक्सगिव्हिंगचा भाग जरूर बघा. एका कृष्णवर्णीय मुलीच्या घरची वीसेक वर्षांची टेबलं ओळीने दाखवली आहेत, आणि दर वर्षी ती आईला आपल्याबद्दल थोडं जास्त सांगू शकते. त्या लेखनासाठी लीना वेथ आणि अझीझ अन्सारी यांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. आणि ज्यांच्या जमिनीवर हा सण सुरू झाला त्यांच्याबद्दल विसरायचं नसेल तर एवढं लक्षात ठेवा की मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला १९७० पासून मूळ रहिवासी याच दिवशी शोकदिन पाळतात. त्यांची आजची, हसरी आणि कडू गोष्ट 'रिझर्व्हेशन डॉग्ज'मध्ये आहे. ओक्लाहोमातली मालिका, लेखक-दिग्दर्शक सगळे मूळ रहिवासीच.

शेजारीणबाईंनी मला पुढच्या नोव्हेंबरात जेवायला बोलावलं. काय आणू विचारल्यावर म्हणाल्या, काही नको. मी विचारलं, "तुमच्याकडे बटाटा गुठळ्यांचा की बिनगुठळ्यांचा?" त्यांनी फोन बाजूला धरून नवऱ्याला हाक मारली आणि पुढची पाच मिनिटं मी त्या दोघांचं भांडण ऐकत होते. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

पैसा कुठून येतो ते विचारा

प्रत्येक मालिकेला एक आगाऊ प्रश्न विचारायचा: हे घर यांना परवडतं कसं? मोनिकाचं मॅनहॅटनमधलं ते ऐसपैस घर आजीच्या जुन्या भाडेकरारावरचं आहे, हे मालिकेतच सांगितलंय. गिरगावात पागडीच्या खोलीत राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. 'रोझॅन'मध्ये इलिनॉयमधलं कामगार कुटुंब आहे, बिलं टेबलावर पसरलेली, कुठलं आधी भरायचं आणि कुठलं पुढच्या महिन्यावर ढकलायचं याची चर्चा. १९८८ साली ती आली तेव्हा अशी टेबलं टीव्हीवर फारशी नव्हती.

'ब्रेकिंग बॅड' बघताना माझ्या भावाने सांगलीहून फोन करून विचारलं होतं, "मास्तरच्या घरी पोहण्याचा तलाव आहे आणि हा गरीब कसला?" प्रश्न अगदी बरोबर. वॉल्टर व्हाइट शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी गाड्या धुण्याच्या दुकानात काम करतो. तिथे त्याला स्वतःच्याच विद्यार्थ्याची गाडी पुसावी लागते. घर कर्जावर, आणि कॅन्सरच्या चांगल्या डॉक्टरचा खर्च विमा उचलत नाही. इथला मध्यमवर्ग म्हणजे तलाव आहे पण आजारी पडायची सोय नाही. हे मला मालिकेतून कळलं आणि मग नवऱ्याच्या ऑफिसातून आलेलं विम्याचं जाड पाकीट मी पहिल्यांदा उघडून वाचलं. तुम्हीही वाचा. 'डिडक्टिबल' म्हणजे विमा सुरू व्हायच्या आधी तुम्ही खिशातून भरायची रक्कम. या शब्दावर होणारा विनोद हा विनोद नसतो.

सरकारबद्दलची इथली तिढ्याची भावना कळायला 'पार्क्स अँड रेक्रिएशन' लावा. इंडियानातलं पॉनी नावाचं काल्पनिक गाव, तिथलं उद्यान खातं. खात्याचा प्रमुख रॉन स्वॉन्सन सरकारी पगार घेतो आणि सरकार असूच नये असं मनापासून मानतो. आपल्याला हे ढोंग वाटतं. इथे तो सगळ्यांचा लाडका आहे. जनतेच्या सभेत लोक माईकवर येऊन जे काय बोलतात ते अतिशयोक्ती वाटेल, पण कधी तुमच्या गावच्या शाळा समितीच्या सभेला जाऊन बसा. प्रत्येकाला मोजून काही मिनिटं मिळतात आणि माणसं ती पुरेपूर वापरतात.

थोडं मागे जा, आणि थोडं समुद्रापलीकडे

नव्या मालिका पुरेशा झाल्या की जुन्याकडे वळा. 'आय लव्ह लूसी' १९५१ ची. लूसीचा नवरा पडद्यावर आणि खऱ्या आयुष्यातही क्यूबाचा, देझी आर्नाझ. असा जावई अमेरिका घरात घेईल का याची वाहिनीला धास्ती होती. लूसी खरोखर गरोदर राहिली तेव्हा ते कथेत घेतलं, पण 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारायला बंदी. बाळ जन्माला आलं तो भाग १९ जानेवारी १९५३ ला दाखवला आणि सुमारे ४.४ कोटी लोकांनी तो बघितला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता. तो बघणारे २.९ कोटी. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकी राजकारण टीव्हीशी स्पर्धा करतंय, आणि कधी कधी टीव्हीच राजकारणात येऊन बसतो.

'मॅश' ही कोरियातल्या युद्धातल्या लष्करी दवाखान्याची. ते युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा. १९७२ ला सुरू झाली तेव्हा खरं युद्ध व्हिएतनाममध्ये चालू होतं, आणि कोरियाचं नाव घेऊन बोलणं त्याबद्दलच होतं. २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भाग सुमारे १०.६ कोटी लोकांनी बघितला. इथल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा, त्या रात्री ते कुठे होते ते सांगतात.

आता एक गंमत करा. 'द ऑफिस' मूळची ब्रिटनची, २००१ ची. एकूण चौदा भाग. अमेरिकेने ती २००५ ला घेतली आणि २०१ भाग केले. दोन्हींचा पहिला भाग एकामागून एक बघा. प्रसंग जवळजवळ तेच आहेत. ब्रिटिश साहेब वाईट साहेब आहे आणि शेवटपर्यंत त्याची लाज वाटत राहते. अमेरिकी साहेब मायकेल स्कॉटही सुरुवातीला तसाच होता. मग दुसऱ्या हंगामापासून त्याला मऊ केलं, तो उत्तम विक्रेता आहे असं दाखवलं, त्याला एकटेपणा दिला. अमेरिकी प्रेक्षकाला साहेब मूर्ख चालतो, पण तो मनाने चांगला निघालाच पाहिजे. आणि नोकरीत कितीही कंटाळा असला तरी शेवटी सहकारी घरचे झालेच पाहिजेत. इथल्या ऑफिसात मॅनेजर आठवड्यातून तीनदा "आपण एक कुटुंब आहोत" म्हणतो आणि चौथ्यांदा माणसं काढतो, ते याच पठडीतलं. मला ब्रिटिश मालिका जास्त खरी वाटते. पण मी राहते इथे.

चाहत्यांत मिसळायचं कसं

एकट्याने बघण्यात अर्धीच मजा. अमेरिकेत मालिकेचं चाहतेपण ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि तिचा पाया 'स्टार ट्रेक'ने घातला. १९६६ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही अंतराळप्रवासाची मालिका दोन हंगामांनंतर बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा ब्यो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम काढली. पत्रांचा इतका ढीग पडला की तिसरा हंगाम आला. मालिका ७९ भागांवर थांबली, चाहते थांबले नाहीत. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं मोठं संमेलन भरलं. १९७६ मध्ये पहिल्या अंतराळ शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. चाहत्यांनी व्हाइट हाउसला पत्रं लिहिली आणि ते 'एंटरप्राइज' झालं, मालिकेतल्या यानासारखं. ते शटल आज न्यूयॉर्कला हडसनच्या काठी इंट्रेपिड संग्रहालयात आहे. बिचारं अंतराळात कधी गेलंच नाही, चाचणीपुरतंच उडालं. तरी मुलांना घेऊन जा.

पत्र लिहून सरकारला आणि कंपनीला नमवता येतं हा इथल्या माणसाचा विश्वास शाळेत जितका शिकवला जातो तितकाच अशा गोष्टींतून भिनतो.

शब्द थोडेच लागतात. 'स्पॉयलर' तुम्हाला ठाऊक आहे. तो फोडलात तर मैत्री तुटते, हे गमतीत घेऊ नका. 'शिप करणं' म्हणजे दोन पात्रांची जोडी जमावी असं मनापासून वाटणं. १९९०च्या दशकात 'एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांनी तो शब्द रुळवला. 'कॅनन' म्हणजे पडद्यावर अधिकृतपणे घडलेलं, बाकी सगळं चाहत्यांची कल्पना. 'जंप द शार्क' म्हणजे मालिका जिथून घसरली तो क्षण. 'हॅपी डेज'मध्ये १९७७ साली फॉन्झी खरोखरच पाण्यावरच्या स्कीवरून शार्कवर उडी मारतो, तिथून आलंय. तुमच्या आवडत्या मराठी मालिकेत नायिकेला तिसऱ्यांदा स्मृतिभ्रंश झाला की हा शब्द वापरून बघा.

ओळख वाढवायला वाचनालयात किंवा पबमध्ये प्रश्नमंजुषेच्या रात्री असतात, बऱ्याचदा एकाच मालिकेवर. संघात शिरा. पहिल्या रात्री गप्प बसलात तरी चालेल, फक्त खाणं वाटून घ्या. "तुमची आवडती मालिका कुठली" असं विचारू नका, कारण लोक भारी वाटणाऱ्या मालिकेचं नाव सांगतात. "आजारी पडल्यावर काय लावता?" असं विचारा. खरं उत्तर येतं. आणि कुणी एखादा संवाद म्हटला तर पुढची ओळ येत नसेल तेव्हा येत असल्यासारखं हसू नका. "मला नाही माहीत, सांगा" म्हटलंत की समोरच्याला अर्धा तास आनंद होतो.

शेवटी आपली माणसं शोधा

हे आधी करू नका. इथली माणसं थोडी कळल्यावर, त्यांनी आपल्याला कसं बघितलं ते बघा.

'द सिम्पसन्स'मधला अपू १९९० साली आला. किराणा दुकानदार, आणि त्याचा तो हेल काढणारा आवाज हँक अझारिया हा गोरा नट द्यायचा. भारतीय दिसणाऱ्या मुलांना शाळेत त्याच आवाजात चिडवलं जायचं, यावर हरी कोंडाबोलू याने २०१७ मध्ये माहितीपट केला. २०२० मध्ये अझारियाने अपूचा आवाज देणं सोडलं. तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या, इथे वाढलेल्या देसी माणसांना अपूबद्दल विचारा. हसतील, पण हसू चटकन मावळेल.

मग 'नेव्हर हॅव आय एव्हर'. कॅलिफोर्नियातली तमिळ मुलगी, आणि पहिल्या हंगामात शाळेत भरलेली गणेशपूजा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेलेल्यांना ते ओळखीचं वाटेल: भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, वर बास्केटबॉलचं कडं, खाली आरती, आणि दाराशी कुणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला याची चौकशी.

आणि 'द ऑफिस'चा नोव्हेंबर २००६ चा दिवाळीचा भाग. लिहिला मिंडी कॅलिंगने, आणि तिच्या पात्राचे, केलीचे, आईवडील म्हणून तिचे खरेच आईवडील उभे केले. साहेब ऑफिसात सगळ्यांना दिवाळी समजावून सांगायचा घाट घालतो, आणि हा सण आला कुठून असं केलीलाच विचारतो. तिला सांगताच येत नाही. खूप जुना आहे एवढंच तिला माहीत.

हा भाग आम्ही बघत होतो तेव्हा माझ्या मुलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती बारा वर्षांची आहे, जन्म इथलाच. "आपण पहिल्या दिवशी पायाने टोमॅटो का फोडतो?" तिने विचारलं. मी सांगितलं की तो टोमॅटो नाही, ते कारीट असतं, कडू फळ, अंघोळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, तो नरकासुर. न्यू जर्सीत कारीट कुठे मिळणार, म्हणून आपण चेरी टोमॅटो घेतो. यावर ती इतकी हसली की सोफ्यावरून घसरली. "म्हणजे राक्षस सॅलडमधून येतो?" मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? तिने माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली, पान उलटलं आणि लिहिलं: "चेरी टोमॅटो. आई हसली नाही."